हडंब्याच्या फुफाट्यात इंजिन श्वास कसं घेतं?

सोयाबीनची सोंगणी उरकून सुड्या लागल्या, की बुलढाणा जिल्ह्यात घाटावरच्या शिवारांत हडंब्याची घरघर सुरू होते. मेहकर, चिखली, लोणार, सिंदखेडराजा, कुठेही जा. ट्रॅक्टरला जोडलेलं ते मळणीयंत्र एका बाजूने दाणे सोडतं, दुसऱ्या बाजूने कुटार हवेत फेकतं, आणि सुडी घालणारी माणसं डोक्यापासून नाकापर्यंत दुपट्टा गुंडाळून उभी असतात. त्या फुफाट्यात सगळ्यांत जास्त हवा ओढतं ते मात्र ट्रॅक्टरचं इंजिन. त्यालाही दुपट्टा असतोच. आपण तो सहसा बघत नाही.

किती हवा? अडीच लिटरचं मध्यम इंजिन घेऊ, मिनिटाला १८०० फेरे. डिझेलचं हे चार स्ट्रोकचं इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदाच पोटभर हवा घेतं. म्हणजे ९०० वेळा अडीच लिटर, मिनिटाला २२५० लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून थोडी कमी धरा. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. म्हणजे बॉनेटखाली अडीचशे-तीनशे माणसं एकाच नळीतून श्वास घेत बसली आहेत. तासाभरात दहा बाय बाराच्या तीन-चार खोल्या रिकाम्या होतील एवढी ही हवा.

टाकीत डिझेल किती उरलंय याची चौकशी दिवसातून चारदा होते, कारण त्याला पैसे पडतात. हवा फुकट, म्हणून ती हिशोबात येत नाही. पण इंजिनाच्या दृष्टीने इंधन म्हणजे चिमूटभर मीठ आहे. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा ग्रॅम हवा लागते. लिटरभर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर. डिझेल इंजिन तर गरजेपेक्षाही जास्त हवा घेतं. आता समजा, मळणीच्या जागी घनमीटरभर हवेत अर्धा ग्रॅम धूळ तरंगते आहे. मग आपलं ट्रॅक्टर तासाला पन्नास-साठ ग्रॅम धूळ ओढेल. वाटीभर मातीच ती! कोणी तेवढी माती हाताने इंजिनात टाकू लागला, तर मालक त्याला शिवाराबाहेर घालवून देईल.

त्या मातीत दोन अगदी वेगळ्या जातीचे ऐवज असतात, आणि फिल्टरच्या निवडीचा सगळा पेच तिथूनच सुरू होतो. पहिला ऐवज म्हणजे कुटाराचे तुकडे आणि सोयाबीनच्या शेंगेवरची लव. मळणीच्या दिवसांत अंगाला जी खाज सुटते, ती हिच्यामुळे. ही लव मऊ असते, लोखंडाचं काही बिघडवत नाही, पण जाळीवर बसून तिचं तोंड बंद करते. दुसरा ऐवज जमिनीचा. आपली काळी माती म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींनी ओतलेल्या बेसॉल्टचा झिजून झालेला भुगा. लोणारचं विवर ज्या खडकात पडलं, तोच हा खडक. त्यातली चिकणमाती मऊ असते, पण तिच्यासोबत न झिजलेले फेल्डस्पार आणि पायरॉक्सिनचे कण येतात, आणि ते सिलिंडरच्या ओतीव लोखंडाहून कठीण असतात.

शिवाय आकाराचा खेळ आहे. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो, तो काही मायक्रॉनचाच. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. फार बारीक कण या थरातून लायनरला न ओरखडता निघून जातात, फार मोठे वाटेतच अडकतात. घात करतात ते पाच ते वीस मायक्रॉनचे, डोळ्याला न दिसणारे. तेलाचा थर ओलांडून ते दोन्ही बाजूंना टेकतात आणि पिस्टन खालीवर होईल तसे घासत राहतात. मग ट्रॅक्टर ऑइल खायला लागतं, निळा धूर टाकतं, सकाळी उठता उठत नाही.

या दोन शत्रूंना दोन टप्प्यांत अडवलं जातं. जुन्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उभ्या नळीला टोपीसारखा एक डबा दिसतो, तो प्री-क्लीनर. नळी उंच, कारण जमिनीपासून वर जावं तशी धूळ विरळ होते. डब्यात तिरकी पाती असतात. हवा त्यातून जाताना भोवऱ्यासारखी फिरते आणि जड कण बाहेरच्या कडेला फेकले जातात. ना जाळी, ना कागद, ना हलणारा भाग.

त्यापुढचा ऑइल बाथ तर मला जुन्या यंत्रांतली सगळ्यांत देखणी युक्ती वाटते. हवा मधल्या नळीतून वेगाने खाली येते. खाली वाटीत ऑइल. ऑइलच्या अगदी तोंडाशी तिला उलटं वळून वर जावं लागतं. हवा हलकी, ती वळते. धुळीचा कण जड, त्याला एवढं तातडीचं वळण जमत नाही, तो सरळ ऑइलमध्ये घुसतो. जे वाचतात त्यांना वर तारेची गुंतवळ भेटते. हवेबरोबर उडालेल्या ऑइलच्या तुषारांनी ती कायम ओली असते, कण तिला चिकटतात, आणि तेच ऑइल ठिबकत खाली येताना त्यांना धुऊन वाटीत आणतं. म्हणजे जाळी स्वतःच स्वतःला धुते. वाटीच्या तळाशी अर्धा इंच गाळ साचला, की ऑइल बदलायचं. मळणीच्या दिवसांत वाटी रोज उघडून पाहिलेली बरी.

याच जातीचा क्लीनर विलीज जीपवर असायचा. स्वातंत्र्यानंतर लगेचच महिंद्रांनी या जीपा मुंबईत जोडायला घेतल्या, आणि १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीशी हातमिळवणी करून बी-२७५ ट्रॅक्टर आणला. त्यावरही ऑइल बाथच. सुटा फिल्टर न मिळणाऱ्या गावात तो फार सोयीचा, कारण त्यात विकत आणून बदलायचं काहीच नसतं.

पण त्याला दोन खोडी आहेत. त्याची सगळी करामत हवेच्या वेगावर. इंजिन नुसतं घुरघुरत ठेवलं, की वेग पडतो आणि धूळ निसटते. दुसरी खोड धोक्याची. वाटीत खुणेच्या वर ऑइल भरलं, तर डिझेल इंजिन ते ओढून घेतं आणि इंधन म्हणून जाळू लागतं. मग डिझेल बंद केलं तरी इंजिन थांबत नाही, उलट फेरे वाढतच जातात. वाटीवरची रेघ शोभेची नाही.

अमेरिकेत साठच्या दशकात मसल कार नावाच्या दांडग्या गाड्या आल्या. एवढी हवा गाळून कशी घ्यायची, हाच प्रश्न तिथे निराळ्या थाटात पडतो. शेव्हर्लेचं ५.७ लिटरचं आठ सिलिंडरी इंजिन ५५०० फेऱ्यांवर, कागदावरच्या हिशोबाने, मिनिटाला पंधरा हजार लिटरहून जास्त हवा मागतं. त्याला १४ इंच व्यासाचा गोल फिल्टर लावायचा, तर तो जवळपास तीन इंच उंच हवा. दोन इंचीचा लावला तर शेवटच्या फेऱ्यांना इंजिन धापा टाकतं; तीन इंची लावला तर बॉनेट बंद होत नाही. मग बॉनेटलाच उंचवटा द्यायचा. याच कंपनीच्या १९७० च्या शेव्हेल एसएस गाडीत तर पुढच्या काचेच्या पायथ्याशी उघडणारी झडप होती. धावत्या गाडीत तिथे हवा दाटते आणि ती इंजिनाच्या उष्णतेने तापलेलीही नसते. हवा दहा अंशांनी गार मिळाली, तर ती तीन टक्के दाट असते. मे महिन्यात घाटाखाली मलकापूर-शेगावच्या उन्हात गाडी का मरगळते, याचं एक कारण यात आहे.

या गाड्यांवर कागदाचा फिल्टर आला. त्याची गंमत अशी, की कागदाची भोकं अनेकदा अडकलेल्या कणांहून मोठी असतात. कण धाग्यांच्या वळणांत आपटून अडकतो, चिकटतो, आणि पुढच्या कणाला अडवायला स्वतःच उभा राहतो. त्यामुळे नव्याकोऱ्या कागदापेक्षा थोडा धुळीत बसलेला कागद जास्त बारीक गाळतो. रोज काढून टायरवर आपटणारा, कंप्रेसरने जोरात फुंकणारा मेहनती माणूस ही उपयोगी धूळ घालवतो आणि कागदाला चीर पाडतो ती वेगळीच.

जगभर फिल्टरची परीक्षा घेताना वापरतात ती प्रमाणित धूळ एरिझोनाच्या वाळवंटातली असते. तिच्यात सोयाबीनची लव नसते. म्हणून खोक्यावरच्या टक्केवारीपेक्षा आपल्या शिवारातल्या फुफाट्याचं ऐकावं. माझं मत विचाराल, तर बारीक धूळ गाळण्यात कागद ऑइल बाथपेक्षा निःसंशय सरस आहे, पण पुढे प्री-क्लीनर नसेल तर मळणीत तो एका दिवसात गच्च होईल. जुन्या जीपवर शंकूच्या आकाराचा चकचकीत उघडा फिल्टर बसवायची हौस असते. आवाज मस्त येतो, आणि बॉनेटखालची गरम धूळही. ज्याच्याकडे धड ऑइल बाथ आहे, त्याने तो काढू नये.

मात्र क्लीनर कुठलाही असो, तिथून इंजिनापर्यंतचा रबरी होज तडकला किंवा त्याची क्लिप ढिली झाली, तर हवा सोप्या वाटेने, न गाळता आत शिरते. टर्बो नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर याची परीक्षा सोपी आहे. प्री-क्लीनर उतरवायचा, इंजिन हळू फेऱ्यांवर ठेवायचं आणि नळीचं तोंड जाड सपाट रबराने गच्च झाकायचं. सगळे जोड घट्ट असतील तर इंजिन काही क्षणांत गुदमरून बंद पडतं. चालूच राहिलं, तर ते दुसरीकडून कुठून तरी हवा घेतंय. आधी होजची खालची बाजू पाहा. तडा बहुधा तिकडे असतो, वरून दिसत नाही.