विसराळू सर्व्हर आणि हातातला बिल्ला

भरतीची किंवा प्रवेशाची शेवटची तारीख जवळ आली की धामणगाव रेल्वेत ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत एकेका कॉम्प्युटरसमोर रांग लागते. अंजनसिंगीचा मुलगा उठतो, मंगरूळ दस्तगीरची मुलगी त्याच खुर्चीवर बसते. ती जीमेल उघडते आणि समोर येतो त्या मुलाचा इनबॉक्स. पासवर्ड कुणी विचारलेलाच नाही! मग यंत्राने त्या मुलाला ओळखले कसे?

ओळखलेच नाही. सगळी गंमत तिथेच आहे. वेब ज्या एचटीटीपी नावाच्या बोलीत चालते, ती मुळातच विसराळू आहे. तुम्ही एक पान मागता, सर्व्हर ते देतो आणि त्याच क्षणी तुम्हाला विसरतो. पुढची क्लिक त्याच्या लेखी नव्या माणसाची. हा विसराळूपणा टिकला असता तर एकेक पत्र उघडताना पुन्हा पासवर्ड द्यावा लागला असता. 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या अभियंत्याने त्यावर तोड काढली, ती म्हणजे कुकी.

स्टेशनजवळच्या सायकल स्टँडवरचा बिल्ला डोळ्यांसमोर आणा. सकाळी सायकल ठेवून बडनेऱ्याची गाडी धरणाऱ्याला एक बिल्ला मिळतो. संध्याकाळी स्टँडवाला चेहरा पाहत नाही, बिल्ला पाहतो. पासवर्ड बरोबर दिलात की सर्व्हर असाच एक लांबलचक, कुणाला अंदाजाने सांगता येणार नाही असा आकडा ब्राउझरच्या हवाली करतो. पुढच्या प्रत्येक क्लिकबरोबर ब्राउझर तो दाखवतो. तुम्ही खिडकी बंद करून निघालात तरी बिल्ला त्या कॉम्प्युटरमध्येच राहतो. मुलीच्या हाती नकळत आला तो हाच.

मला याचे फार नवल वाटते. धामणगावच्या दुकानातून निघालेला पासवर्ड सर्व्हरपर्यंत अशा कुलूपबंद वाटेने जातो की मधल्या तारेवर कान लावून बसलेल्याला त्यातले अक्षरही कळत नाही. ते कुलूप जगातले सगळे कॉम्प्युटर मिळून फोडू म्हणाले तरी आयुष्य पुरणार नाही. इतके बळकट गणित खर्ची घालून जपलेले पत्र शेवटी उघडे पडते ते रिकाम्या खुर्चीपाशी.

खरे तर पासवर्ड कॉम्प्युटरात आला तोच मुळी एक यंत्र अनेकांत वाटून घेण्याच्या गरजेतून. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांनी 1961 मध्ये सीटीएसएस ही यंत्रणा दाखवली. कॉम्प्युटर एक, वापरणारे अनेक; प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड. याच यंत्रणेवर 1965 मध्ये टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी एकमेकांना निरोप ठेवण्याची सोय लिहिली. म्हणजे ई-मेलचे एक आद्य रूपही सामायिक यंत्रावरच जन्मले. आणि 1966 मध्ये तिथे दोन फायलींची अदलाबदल झाली. लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या निरोपाऐवजी सगळ्यांच्या पासवर्डची यादी दिसू लागली! मेल कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडता येण्याची सवय पुढे सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांच्या हॉटमेलने लावली, 4 जुलै 1996 पासून.

तर बिल्ल्याचे काय करायचे? लॉगआउट केले की सर्व्हर तो रद्द करतो. त्याहून बरे, आधीच ब्राउझरची गेस्ट किंवा इन्कॉग्निटो खिडकी उघडावी. अशा सगळ्या खिडक्या बंद केल्या की बिल्ले पुसले जातात. ब्राउझरने पासवर्ड लक्षात ठेवू का विचारले तर नाही म्हणावे. घाईत विसरलातच, तरी घरी मोबाइलवर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात कुठकुठल्या उपकरणांवर तुमचे खाते उघडे आहे ते दिसते आणि तिथूनच दुकानातल्या कॉम्प्युटरला बाहेर काढता येते. अंतरावरून बिल्ला रद्द!

पण खासगी खिडकी सगळे झाकत नाही. दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा प्रोग्राम यंत्रात दडलेला असेल तर ती हतबल आहे. तिथे ओटीपीची दुसरी पायरी बरीच राखण करते. 2011 च्या सायबर कॅफे नियमांप्रमाणे पाहिलेल्या वेबसाइटची नोंद कॅफेवाल्याला किमान वर्षभर ठेवावी लागते. आणि मेलमधून उतरवून घेतलेली मार्कशीट, आधारची पीडीएफ डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी पडून राहते. माझ्या मते सर्वांत मोठी गळती हीच, कारण तिला बिल्लाही लागत नाही.

दुसरी गळती आपणच बोलावतो. "भाऊ, तुमचाच मेल टाका ना फॉर्ममध्ये," असे सहज म्हटले जाते. मग हॉलतिकीट त्या भाऊच्या इनबॉक्समध्ये आणि पासवर्ड बदलायची चावीही त्याच्याकडे. माणूस कितीही भला असो, हे करू नका. फॉर्ममध्ये मेल आणि मोबाइल नंबर स्वतःचाच द्या, पीडीएफ प्रिंट झाली की ती डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही काढा आणि लॉगआउट केल्यावरच खुर्ची सोडा. दुकानदार बंधूंनाही विनंती आहे: गिऱ्हाइकासाठी गेस्ट मोडच उघडून द्या आणि रोज रात्री शटर ओढण्याआधी डाउनलोड्सचे फोल्डर रिकामे करा.