करसवलत आणि सरकारी दवाखाना

अर्थशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. आमचे शाळेतील शिक्षण सातवीला संपले. पुढचे सारे युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटाने केले. तेव्हा श्रोत्यांनी आमच्याकडून सिद्धान्ताची अपेक्षा करू नये. हिशेब मात्र आम्हाला येतो. पगाराच्या चिठ्ठ्या तपासण्यात आमची तीस वर्षे गेली, आणि सरकारचे अंदाजपत्रक ही तरी शेवटी एक मोठी पगारचिठ्ठीच आहे.

२०२१ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंत्राटी कामगाराच्या हातावर ॲसिड सांडले. कंत्राटदाराने त्याचे नाव कामगार विमा योजनेत घातलेच नव्हते, म्हणून आम्ही त्याला एका सरकारी रुग्णालयात नेले. डॉक्टर भला माणूस होता. त्याने जखम धुतली, पट्टी बांधली आणि मलम व इंजेक्शन चिठ्ठीवर लिहून ‘हे बाहेरून आणा’ असे सांगितले. आतला साठा संपला होता. पोरगा आम्हाला विचारू लागला, “काका, सरकारकडे पैसेच नाहीत का?” या प्रश्नाच्या उत्तरासाठी आपल्याला तळोज्याहून थेट दिल्लीस जावे लागते.

२० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. अट इतकीच, की कंपनीने इतर सवलती सोडाव्यात. नव्या कारखानदार कंपन्यांना तर १५ टक्के. यापायी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांवर पाणी सोडावे लागेल, हे सरकारनेच सांगितले. आमच्याकडे पत्र्याच्या प्रत्येक शेडला ‘कंपनी’ म्हणतात; कायदा तसे मानत नाही. भागीदारीत चालणाऱ्या पेढीचा दर ३० होता तो ३०च राहिला. ४०० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना २५ टक्क्यांचा दर आधीच लागू झाला होता. तेव्हा मोठा घास कोणाच्या ताटात पडला हे वेगळे सांगायला नको.

आता खरी मेख पाहा. संविधानाप्रमाणे सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्याचा विषय आहे. पण कंपन्यांचा कर गोळा करते केंद्र, आणि वित्त आयोग ठरवील त्या प्रमाणात तो राज्यांना वाटते. त्या वर्षी राज्यांचा वाटा ४२ टक्के होता आणि त्या वाट्यात महाराष्ट्राचा हिस्सा ५.५२१ टक्के. १ लाख ४५ हजार कोटींचे ४२ टक्के म्हणजे ६० हजार ९०० कोटी, आणि त्यातले महाराष्ट्राचे सुमारे ३ हजार ३६० कोटी. अधिभार व उपकर वाटणीत येत नाहीत, म्हणून आकडा थोडा खाली धरावा. तरी तो तीन हजार कोटींच्या आसपास राहतो. म्हणजे सवलत जाहीर केली एकाने, आणि तिची बरीचशी किंमत दवाखाने चालविणाऱ्या दुसऱ्याच्या खात्यात पडली. उलट मे २०२० मध्ये पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १३ रुपये वाढले, ते उपकर व विशेष शुल्क म्हणून. त्यात राज्यांना वाटा नव्हता. पुढे २०२१ व २०२२ मध्ये हे शुल्क कमी केले गेले, हेही सांगितले पाहिजे.

सवलतीने कारखाने वाढतील, नोकऱ्या वाढतील, असे सांगण्यात आले होते. रिझर्व्ह बँकेच्या २०१९-२० च्या वार्षिक अहवालाने मात्र असे नोंदविले, की कंपन्यांनी हा पैसा कर्ज फेडण्यात आणि रोकड साठविण्यात घातला. २०२४-२५ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत म्हटले आहे, की २०२३-२४ मध्ये कंपन्यांचा नफा २२.३ टक्के वाढला आणि रोजगार १.५ टक्के. कंपनीकराचे उत्पन्न २०१८-१९ मध्ये ६.६३ लाख कोटी होते, ते २०१९-२० मध्ये ५.५७ लाख कोटींवर उतरले आणि २०२३-२४ मध्ये ९.११ लाख कोटींवर गेले, हे खरे. पण नफा इतका वाढल्यावर कर वाढणारच. जुन्या दराने तो किती आला असता, एवढेच आमचे विचारणे आहे.

२०१९-२० ची केंद्राची राजकोषीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३.३ टक्के राहील असा अंदाज होता, ती ४.६ टक्के झाली. सारा दोष सवलतीचा नव्हे, व्यापार आधीच मंदावला होता. पण तूट वाढली की २००३ चा केंद्राचा आणि २००५ चा महाराष्ट्राचा वित्तीय जबाबदारीचा कायदा पुढे केला जातो. मग कात्री कुठे लावायची? पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांना हात लावता येत नाही. उरते औषधखरेदी, इमारतीची दुरुस्ती आणि रिक्त जागा. परिचारिकेची जागा न भरणे ही सर्वांत निमूट कपात. तिचा मोर्चा निघत नाही, कारण जी नेमलीच नाही ती ओरडणार कशी?

आपल्या रायगड जिल्ह्यात जन्मलेले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, १९५३ साली, मोठ्या वारशांवर इस्टेट ड्यूटी लागू झाली. ती १९८५ मध्ये गेली. १९५७ चा संपत्तिकर २०१५ मध्ये गेला. त्याचे उत्पन्न फारसे नव्हते, आणि त्याऐवजी श्रीमंतांवर २ टक्के जादा अधिभार बसविला. पण २०२३ मध्ये पाच कोटींवरील उत्पन्नाचा अधिभार नव्या करपद्धतीत ३७ वरून २५ टक्के झाला. अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये करकपात आणि गरिबांच्या ‘मेडिकेड’ योजनेची काटछाट एकाच कायद्यात झाली. तिथल्या संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाने दहा वर्षांत ३.४ लाख कोटी डॉलरची जादा तूट आणि २०३४ पर्यंत एक कोटी माणसे विम्याबाहेर, असा हिशेब मांडला. तिथे निदान दोन्ही गोष्टी एकाच कागदावर दिसतात.

आपल्या २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचे ठरविले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून गेलेला भाग २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो त्या वर्षी ३९.४ टक्क्यांवर आला; सुधारणा झाली, नाही असे नाही. आमच्या पोराने त्या संध्याकाळी बाहेरून आणलेले मलम आणि इंजेक्शन याच ३९.४ टक्क्यांत मोडते. बुडालेली मजुरी त्यात धरलेली नाही.