पेन गेलं, बाटली उरली, सिरिंजचं काय?

ह्यूमन इन्शुलिनची पेनं भारतातून टप्प्याटप्प्याने मागे घेण्याचा निर्णय नोव्हो नॉर्डिस्कने 2025 मध्ये घेतला आणि अनेक मधुमेहींच्या घरात काळजी पसरली. बाटलीतलं इन्शुलिन मात्र मिळत राहणार आहे. त्याच वर्षी त्याच कंपनीचं वजन घटवणारं वेगोव्ही आपल्याकडे आलं आणि बहुतेक चर्चा त्याच्याभोवती फिरत राहिली. महापालिकेच्या दवाखान्यात केसपेपर काढून रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला पेन किंवा वेगोव्ही यातलं काहीच परवडणारं नव्हतं. ना विमा, ना पगारी रजा. त्याच्या हाती आधीपासून बाटलीच आहे आणि आता पेनवाल्यांपैकीही काही जण तिच्याकडे वळतील.

बाटलीला कमी लेखायचं कारण नाही. आतलं ह्यूमन इन्शुलिन पेनातल्यासारखंच असतं. फरक पडतो तो तीव्रतेत, आणि हीच गोष्ट पेशंटला कुणी नीट सांगत नाही. आपल्याकडे सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या बाटलीत सहसा एका मिलिलिटरला 40 युनिट असतात, पेनच्या कार्ट्रिजमध्ये 100. म्हणून सिरिंजही दोन प्रकारच्या. लाल टोपणाची 40 साठी, केशरी टोपणाची 100 साठी.

डॉक्टरांनी 20 युनिट लिहून दिले आणि 40 च्या बाटलीला केशरी टोपणाची सिरिंज लावली, तर 20 च्या रेघेपर्यंत भरूनही शरीरात 8 युनिटच जातात. साखर उतरत नाही, पुढच्या खेपेला डोस वाढतो आणि पथ्य पाळत नाही म्हणून बोलणी पेशंटलाच बसतात. उलट चूक जिवावरची. 100 च्या इन्शुलिनला लाल टोपणाची सिरिंज लावली, तर त्याच रेघेवर 50 युनिट जातात. घाम, थरथर, भोवळ आणि वेळीच साखर पोटात गेली नाही तर बेशुद्धी. बाटली दवाखान्यातून फुकट आणि सिरिंज मेडिकलमधून विकत, अशी वाटणी असेल तिथे हा घोळ होणारच. बाटली देणाऱ्या खिडकीवरच लाल टोपणाच्या सिरिंजही दिल्या पाहिजेत.

दुसरा प्रश्न फ्रिजचा. ‘फ्रिज नाही, मग इन्शुलिन कसं घेऊ?’ म्हणत इन्शुलिन टाळणारे पेशंट असतात. त्यांना धीर देणारं संशोधन आता हाताशी आहे. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीतलं तापमान मोजलं आणि प्रयोगशाळेत तशाच 25 ते 37 अंशांच्या चढउतारात इन्शुलिन ठेवून पाहिलं. चार आठवड्यांनंतरही त्याची ताकद टिकून होती. 2021 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विदर्भातला मे महिना 37 अंशांवर थांबत नाही हे खरं, पण त्यालाही घरातला माठ आहे. बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून डबी माठाच्या गारव्यात ठेवायची. हे दाखवायला पाच मिनिटं पुरतात. आशाताई किंवा नर्सताईंना ती पाच मिनिटं मिळावीत, इतकी माणसं दवाखान्यात हवीत.

आता पैशांकडे येऊ. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं पाच लाखांचं कवच मोठं आहे, पण ते उघडतं पेशंट रुग्णालयात दाखल झाल्यावर. किडनी निकामी झाली की डायलिसिस योजनेत बसतं. ती निकामी होऊ नये म्हणून लागणारी रोजची गोळी, सुई आणि तीन महिन्यांनी करायची एचबीए1सी (सरासरी साखरेची) तपासणी या कवचाबाहेर राहते. खासगी विमा घ्यावा, तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासात एचबीए1सी एका टक्क्याने कमी असलेल्यांमध्ये डोळे-किडनीसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती 37 टक्क्यांनी कमी आढळल्या. म्हणजे जो खर्च सर्वांत जास्त वाचवतो, तोच आपण गरिबाच्या खिशावर किंवा दवाखान्यातल्या साठ्याच्या भरवशावर सोडला आहे.

आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. तिशीपुढच्या प्रत्येकाची तपासणी करायचं सरकारी धोरण योग्यच आहे. पण शिबिरात शुगर सापडली की काम सुरू होतं, संपत नाही. मुंबई महापालिकेने 2022 पासून उघडलेले ‘आपला दवाखाना’ मला म्हणूनच महत्त्वाचे वाटतात. ते वस्तीजवळ आहेत आणि संध्याकाळीही उघडे असतात. दिवसाची मजुरी बुडवून मिळणारी फुकट गोळी प्रत्यक्षात महागच पडते.

पुढचं पाऊल अवघड नाही. एका वेळी महिन्याभराचं औषध द्यावं, इन्शुलिनच्या शिल्लक बाटल्यांचा आकडा दवाखान्याच्या फलकावर रोज लिहावा, ठरल्या तारखेला न आलेल्या पेशंटला दोन दिवसांत फोन जावा. डायलिसिसचं बिल भरणाऱ्या सरकारला एवढं नक्की परवडेल. पुढच्या अर्थसंकल्पात या खर्चाची वेगळी ओळ हवी आणि ती आपल्या आमदार-नगरसेवकांकडे आपणच मागायला हवी.