अब्बांची फाईल कुणाच्या हातात?

आपल्याकडे आजारपणाचे दफ्तर म्हणजे कापडाच्या दुकानातून आलेली एक जाड पिशवी. कपाटाच्या वरच्या खणात, निकाहनामा आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यांशेजारी ती ठेवलेली असते. तिच्यात अम्मींच्या साखरेचे रिपोर्ट, अब्बांचा रेघ पुसट होत चाललेला ईसीजी, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले आणि कधी काळी काढलेला कुणाचा तरी एक्स-रे असतो. या पिशवीची मांडणी घरातल्या एकाच माणसाला ठाऊक असते, बहुधा सुनेला नाही तर थोरल्या मुलीला. ती माहेरी किंवा सासरी गेली की पिशवी मुकी होते.

वर्षानुवर्षे हे चालून जाते. मग एखाद्या रात्री अब्बांना म्हसळ्याहून मुंबईला न्यावे लागते आणि कॅज्युअल्टीतला डॉक्टर विचारतो, रक्त पातळ करणारी कोणती गोळी सुरू आहे? शेवटची कधी घेतली? स्टेंट कोणत्या साली बसवला? किडनीचा रिपोर्ट कसा होता? कुठल्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आहे का? त्यावर उत्तर मिळते, "सकाळी एक पांढरी छोटी गोळी घेतात." पिशवी म्हसळ्याला, गोळ्यांचे नाव ठाऊक असलेला मुलगा कुवेतला, आणि डॉक्टरला निर्णय मात्र आत्ता घ्यायचा असतो.

ही कागदपत्रे मोबाईलवर पाहण्याची सोय आपल्या देशात आता आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यातून प्रत्येकाला १४ अंकी आरोग्य क्रमांक मिळतो, त्यालाच 'आभा' म्हणतात. तो मोफत आहे आणि काढायचाच अशी सक्ती नाही. इथे एक गोंधळ आधीच दूर करायला हवा. आभा म्हणजे आयुष्मान कार्ड नव्हे. आयुष्मान कार्डावर पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आभावर एक रुपयाही मिळत नाही. आभा हा फक्त कागद जोडणारा धागा आहे. मोहल्ल्यात कुणी "आभा काढा, पाच लाख मिळतील" म्हणून पैसे मागत असेल, तर त्याला दारातूनच सलाम करावा.

आभा निघतो आभा अ‍ॅपवर किंवा सरकारी संकेतस्थळावर, आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने. बहुतेक ज्येष्ठांची गाडी इथेच अडते, कारण आधारला जोडलेला नंबर दहा वर्षांपूर्वीचा आणि केव्हाच बंद पडलेला असतो. मग आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्यावा लागतो. हे काम आजारपण आल्यावर नव्हे, हातपाय धड असताना करायचे असते. अनेक सरकारी रुग्णालयांत केसपेपरच्या खिडकीजवळ क्यूआर कोड लावलेला दिसतो. तो आभा अ‍ॅपने स्कॅन केला की नाव-पत्ता आपोआप जातो आणि टोकन मिळते. अम्मींना रांगेत उभे राहावे लागत नाही, एवढ्यासाठीही आभा काढायला हरकत नाही.

पण क्रमांक काढला म्हणजे जुने रिपोर्ट धडाधड दिसू लागतील, अशी अपेक्षा ठेवू नये. तुमचे कागद दिल्लीतल्या एखाद्या मोठ्या कपाटात साठवलेले नसतात. ते त्या त्या रुग्णालयाकडे आणि लॅबकडेच राहतात. त्यांची यंत्रणा या मिशनला जोडलेली असेल आणि तुमची नोंद तुमच्या आभाशी जुळवली असेल, तरच ते अ‍ॅपमध्ये दिसतात. गल्लीतल्या डॉक्टरसाहेबांनी पेनने लिहिलेली चिठ्ठी त्यात येणार नाही. तिचा फोटो काढून आपल्यालाच चढवावा लागेल.

नोंद जुळवताना आपल्या घरांना एक खास अडचण येते, ती नावाची. रुग्णालयातली नोंद शोधताना मोबाईल नंबर, नाव, लिंग आणि जन्मसाल पाहिले जाते. आता आपल्या नावांकडे पाहा. आधारवर 'मोहम्मद', केसपेपरवर 'मोहं.', इन्शुरन्सवर 'मोहमद', रेशनकार्डावर नुसतेच 'महंमद'. बायकांचे तर विचारूच नका. आधारवर 'बी' लागलेले असते, रुग्णालयात 'बानो', कुठे 'खातून'. आडनाव एका कागदावर वडिलांकडचे, दुसऱ्यावर नवऱ्याकडचे. जन्मतारीख बऱ्याच ज्येष्ठांची १ जानेवारी किंवा १ जून, म्हणजे शाळेच्या मास्तरांनी किंवा आधारच्या ऑपरेटरने ठरवलेली. आणि रुग्णालयातला मोबाईल नंबर ज्या भाच्याने त्या दिवशी रिक्षातून नेले त्याचा! अशा वेळी अ‍ॅप म्हणते, नोंद सापडत नाही. नोंद असते, पण ती दुसऱ्याच कुणाच्या नावावर बसलेली असते. म्हणून पुढच्या वेळी खिडकीवर नाव सांगताना तोंडी सांगू नये, आधार पुढे करावे आणि स्पेलिंग अक्षरन् अक्षर तसेच घालून घ्यावे. नंबर रुग्णाचा किंवा घरात कायम राहणाऱ्या माणसाचा द्यावा. आधीच्या नोंदीत चूक असेल तर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात अर्ज देऊन ती दुरुस्त करायला सांगावे.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती संमतीची तरतूद. नव्या डॉक्टरला तुमचे जुने कागद पाहायचे असतील तर त्याची विनंती तुमच्या अ‍ॅपवर येते. कोण मागतो आहे, कशासाठी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे कागद, आणि किती दिवस पाहता येतील, हे सारे त्यात लिहिलेले असते. तुम्ही हो म्हणू शकता, नाही म्हणू शकता, मुदत कमी करू शकता, दिलेली संमती पुढे मागेही घेऊ शकता. गुडघ्याच्या डॉक्टरला बाळंतपणाचे कागद दाखवायचे की नाही, हे त्या बाईने ठरवायचे.

त्या बाईने, असे मी मुद्दाम लिहिते. आपल्याकडे मोबाईल घरातल्या तरुण मुलाच्या हातात असतो, ओटीपी त्याच्याकडे येतो आणि संमतीचे बटण तोच दाबून टाकतो. अब्बा शुद्धीवर आहेत, हिशेब ठेवतात, पाच वक्त मशिदीत जातात, पण त्यांची फाईल उघडताना त्यांना विचारावे असे कुणाच्या मनात येत नाही. विचारायला किती वेळ लागतो? "अब्बा, नवीन डॉक्टरांना मागच्या वर्षीचे रिपोर्ट दाखवू का?" एवढेच. कधी ते नाही म्हणतील, कारण त्या रिपोर्टमध्ये असे काही असेल जे त्यांनी अम्मींनाही सांगितलेले नाही.

आणि तो फॅमिली ग्रुप! सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडायचा अवकाश, तो फुफूपासून दुबईच्या चुलतभावापर्यंत चाळीस जणांत फिरतो. हेतू दुआ मागण्याचा असतो, मान्य आहे. पण सुनेचा गर्भपात, लग्न ठरलेल्या मुलीची पाळीची तक्रार, धाकट्याची मनाच्या डॉक्टरकडची औषधे या गोष्टी अमानत आहेत. त्या दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये गेल्या की परत आणता येत नाहीत. दुआ मागायला रिपोर्टाचा फोटो लागत नाही.

आखातातल्या मुलांसाठी थोडे वेगळे. आई-वडील कोकणात आणि मुलगा तिकडे, असे असेल तर कागद जमवण्याचे काम गावातल्या कुणाकडे तरी सोपवावे आणि मुलाने ते व्यवस्थित लावावेत. प्रत्येक फाईलला तारीख, रुग्णाचे नाव आणि तपासणीचे नाव द्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले 'आयएमजी' असे नाव ऐन वेळी काहीच सांगत नाही. लॅबने लिंक पाठवली असेल तर पीडीएफ लगेच उतरवून घ्यावी, कारण अशा लिंका पुष्कळदा काही दिवसांत बंद होतात. स्वतः तिकडे उपचार घेतले असतील तर परतण्याआधीच ते कागद काढून घ्यावेत. सौदीत 'सेहती' अ‍ॅपवर तपासण्या आणि औषधे दिसतात, अबू धाबीत 'मलफ्फी' आणि दुबईत 'नाबिध' या यंत्रणा रुग्णालयांच्या नोंदी जोडतात. मलफ्फीचा अर्थच 'माझी फाईल'. पण तिथला निवास परवाना आणि सिमकार्ड संपले की ती फाईल उघडणे जड जाते.

रुग्णालयच कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर? डॉक्टरांसाठीचे २००२ चे आचारनियम स्पष्ट आहेत. दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे सांभाळायच्या, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या. मागणी मात्र लेखी करावी आणि प्रतीवर पोच घ्यावी. रुग्णाच्या वतीने जाणार असाल तर त्याच्या सहीचे दोन ओळींचे पत्र सोबत असू द्या. "साहेब उद्या या" म्हणणारा कारकूनही लेखी अर्ज पाहिला की थोडा सरळ होतो.

ओटीपी फोनवर कुणालाही सांगू नये, मग तो "आरोग्य खात्यातून बोलतोय" म्हणाला तरी. फसवणूक झालीच तर १९३० या नंबरवर लगेच कळवावे. आभाबद्दलच्या शंकांसाठी १४४७७ हा सरकारी नंबर आहे.

हजला निघालेल्या ज्येष्ठांच्या मुलांनी हे काम मुहूर्त न पाहता हाती घ्यावे. वैद्यकीय तपासणी आणि लसीकरण होतेच, त्याच वेळी डॉक्टरची ताजी चिठ्ठी औषधांच्या मूळ नावांसह घ्यावी, कारण आपल्याकडच्या कंपनीचे नाव मक्केतल्या औषधवाल्याला कळणार नाही, मूळ औषधाचे नाव कळेल.

आणि एवढे सगळे मोबाईलमध्ये भरल्यावरही एक कागद ठेवाच. मोबाईलला कुलूप असते, चार्जिंग संपते. पाकिटात मावेल एवढ्या जाड कागदावर नाव, वय, रक्तगट, आजार, सुरू असलेल्या गोळ्या आणि त्यांचे डोस, अ‍ॅलर्जी, ऑपरेशनचे साल आणि दोन फोन नंबर लिहावेत. खाली तारीख टाकावी. गोळी बदलली की जुना कागद फाडून नवा लिहावा.