सर्पगंधा : समजूत आणि पुरावा

सर्पगंधेची मुळी आपल्या देशात फार पूर्वीपासून दोन गोष्टींसाठी वापरली जाते : सर्पदंशावर आणि भ्रमिष्टपणावर. बिहारात तर ती ‘पागल की दवा’ म्हणूनच ओळखली जाई. विज्ञानाच्या कसोटीवर या समजुतींचे काय झाले?

१९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी नोंदवले, की या मुळीने मनोरुग्ण शांत होतात आणि रक्तदाबही उतरतो. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी मुळीतून काही अल्कलॉइडे वेगळी केली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रेसरपिन हे शुद्ध संयुग मिळवले. मुळीचा गुण आता मोजून, मिलिग्रॅममध्ये देता येऊ लागला.

रेसरपिन काम कसे करते? चेतातंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत नॉरअ‍ॅड्रिनलिन, डोपामिन, सेरोटोनिन यांसारखी संदेशवाहक रसायने साठवलेली असतात. रेसरपिन या पिशव्या भरू देत नाही. साठा संपतो, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. पण मेंदूतील साठाही असाच रिता होतो. त्यामुळे काही रुग्णांना सुस्ती, तर काहींना खोल औदासीन्य आल्याचे आढळले. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली व रेसरपिन मागे पडले. मात्र याच संयुगाच्या साहाय्याने आर्व्हिड कार्लसन यांनी डोपामिनचे मेंदूतील कार्य उलगडले. त्या संशोधनासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता दुसरी समजूत. सापाचे विष हे मुख्यतः प्रथिनांचे मिश्रण असते. त्याला निष्प्रभ करण्यासाठी त्या प्रथिनांना नेमकी चिकटणारी प्रतिपिंडे लागतात. ती प्रतिसर्पविषाच्या इंजेक्शनातून मिळतात, मुळीतून नव्हे. सर्पदंश झालेल्याला मुळी उगाळून पाजण्यात गेलेला वेळ त्याच्या जिवावर बेतू शकतो.

म्हणजे एकाच मुळीबद्दलची एक समजूत कसोटीला उतरली, दुसरी उतरली नाही. दोन्ही तितक्याच जुन्या! जुनेपणा शोधाची दिशा दाखवतो, पुरावा देत नाही.

‘झाडपाल्याचे औषध, त्याचा अपाय नाही’ असे एखादा विद्यार्थी म्हणाला, तर वर्गात तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत. त्यातील नेमके कोणते संयुग काम करते? किती मात्रेत? आणि औषध न घेतलेल्या रुग्णांशी तुलना केली होती का? रक्तदाब नुसत्या विश्रांतीनेही उतरतो, हे लक्षात घेतले की तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व मुलांना आपोआप पटेल.