ओलाव्याशी उभे वैर

सरकारी खरेदीत सर्वांत कमी बोलीवाला जिंकतो, असा आपला समज. उपकेंद्रासाठी पॉवर ट्रान्सफॉर्मर घेताना मात्र नुसत्या किमतीवर काही ठरत नाही. ट्रान्सफॉर्मर एकदा चार्ज झाला की पलीकडे कुणी वीज वापरो वा न वापरो, त्याच्या लोखंडी गाभ्यात थोडी वीज अहोरात्र जळत राहते. हा तोटा एक किलोवॉट धरला तरी वर्षाला 8,760 युनिट होतात आणि 35 वर्षांत तीन लाखांच्या वर. म्हणून गाभ्यात किती आणि तांब्याच्या वेटोळ्यांत किती तोटा होईल, याची हमी उत्पादकाकडून लेखी घेतात. दर किलोवॉटमागे ठरलेली रक्कम बोलीत मिळवतात आणि मगच स्वस्त कोण ते पाहतात. यंत्र स्वस्त देऊन वीज खाणारा उत्पादक इथेच मागे पडतो.

गाभ्याचे पोलादही साधे नसते. जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचे, सिलिकॉन मिसळलेले पत्रे एकावर एक रचून तो बनतो. हे पोलाद नाशिकजवळ तयार होते, तरी देशाची बरीचशी गरज आयातीवरच भागते.

पालघर जिल्ह्यातल्या बोईसर-तारापूर उपकेंद्राच्या यार्डात बसणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला आणखी एक अट सांभाळावी लागते. 1969 पासून इथे अणुवीज केंद्र आहे, शेजारी एमआयडीसीचे रासायनिक आणि पोलादाचे कारखाने आहेत आणि लगेच समुद्र. खारा वारा आणि कारखान्यांची धूळ बुशिंगच्या, म्हणजे टाकीतून तार बाहेर काढणाऱ्या नळीच्या, चिनीमातीवर थर धरतात. पहाटेच्या दवाने तो थर भिजला की त्यातून वीज वाट काढू लागते. ही वाट लांबवणे, हाच उपाय. अतिप्रदूषित जागेसाठी दर किलोव्होल्टला 31 मिलिमीटर असा हिशेब आहे. 220 किलोव्होल्टच्या (केव्ही) यंत्रणेत कमाल विद्युतदाब 245 केव्ही धरतात. म्हणजे बुशिंगच्या झालरींवरून खालीवर मोजत गेले तर साडेसात मीटर भरले पाहिजेत. उंची मात्र त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. झालरी शोभेच्या नाहीत, त्या या मापासाठी असतात.

मग प्रवास. ऐरोलीच्या कारखान्यात 220 केव्हीपर्यंतचे ट्रान्सफॉर्मर बनतात. तिथून निघालेला ट्रेलर घोडबंदर, वर्सोवा पूल करत अहमदाबाद महामार्गाने मनोरच्या बाजूला येतो आणि चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळतो. अंतर फार नाही, पण शंभर टनांच्या घरातल्या धुडाला प्रत्येक पूल विचारून ओलांडावा लागतो. जुना वर्सोवा पूल 2016 मध्ये अवजड वाहनांना बंद करावा लागला होता. वजन घटवण्यासाठी तेल आधीच काढून घेतात आणि टाकीत कोरडी हवा दाबाने भरतात, म्हणजे बाहेरची दमट हवा आत शिरत नाही. टाकीवर बसवलेला रेकॉर्डर वाटेतला प्रत्येक धक्का नोंदवतो. खड्ड्यांचे ऑडिटच म्हणा ना.

जॅकवर उचलून, रुळांवरून सरकवत यंत्र प्लिंथवर बसवले, रेडिएटर आणि तेलाची वरची टाकी, म्हणजे कन्झर्व्हेटर, जोडले, की सगळे बाहेरून झालेच वाटते. खरे काम पुढे असते. वेटोळ्यांवरचा इन्सुलेशनचा कागद ओलावा हपापल्यासारखा शोषतो, आणि ओला कागद लवकर म्हातारा होतो. म्हणून टाकी उघडायची ती कोरड्या हवेतच. जून ते सप्टेंबर कोकणात असा दिवस मिळणे म्हणजे नशीब! आतली हवा खेचून निर्वात करतात, मग तेल गरम करून, फिल्टर मशीनमधून फिरवत भरतात. ही मशीन दिवसचे दिवस घरघरत असते. अधूनमधून नमुना काढून बीडीव्ही तपासतात. एकमेकांपासून फक्त अडीच मिलिमीटरवरच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये तेलाने किती विद्युतदाब सोसला, तेच बीडीव्ही. नव्या तेलाने 30 किलोव्होल्ट सोसले तरी चालते. फिल्टर केल्यावर मात्र 70 हवेत. पाण्याचा अंश दशलक्षात काही भागांवर गेला तरी आकडा घसरतो.

ही काळजी फाजील नाही. 21 मार्च 2025 रोजी लंडनचे हिथ्रो विमानतळ दिवसभर ठप्प झाले. त्याला वीज पुरवणाऱ्या नॉर्थ हाइड उपकेंद्रातला ट्रान्सफॉर्मर आदल्या रात्री पेटला होता. बुशिंगमध्ये शिरलेला ओलावा हे त्याचे सर्वांत संभाव्य कारण, असे चौकशीत आढळले. तेलाच्या नमुन्यात या ओलाव्याची चाहूल जुलै 2018 मध्येच लागली होती. दुरुस्ती राहून गेली.

चाचण्या पार पडल्या की ट्रान्सफॉर्मर आधी भाराविना चार्ज करतात, आवाज ऐकतात, तापमान पाहतात, तेलात विरघळलेले वायू तपासतात. मगच भार देतात. पुढची कामे रोजची: आत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या ब्रीदरमधली निळी सिलिका जेल गुलाबी पडली की बदलायची. पावसाळ्यात ती फार दिवस निळी राहत नाही.

पालघर जिल्ह्यात आता वाढवण बंदर आणि बुलेट ट्रेनचे बोईसर स्थानक येऊ घातले आहे, आणि दोन्हींना वीज लागणार. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात मोठ्या ट्रान्सफॉर्मरसाठी चार वर्षांपर्यंत थांबावे लागते. बंदर उभे राहिल्यावर निविदा काढायची म्हटले, तर जहाजे आधी लागतील आणि ट्रान्सफॉर्मर मागाहून येईल.