रेल्वेकाठची केळीची वखार : तिचा इतिहास आणि बागायतदाराने घ्यावयाचा बोध

केळीचा घड कापला की आपले काम संपले, असे बरेच बागायतदार समजतात. घड गाडीत भरला, वजन झाले, पावती हाती आली की लक्ष पुढच्या बागेकडे जाते. परंतु त्या घडाचे खरे मोल ज्या खोलीत ठरते, ती खोली आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेली असते. ती खोली म्हणजे केळीची वखार. मुंबईच्या उपनगरांत केळीच्या धंद्यात हा शब्द जुना आहे. वखार रुळांच्या आधाराने का उभी राहिली, पुढे रुळांपासून दूर का गेली आणि यातून आपण काय शिकावे, हे या लेखात पाहू.

वखार कशासाठी?

आंबा किंवा चिकू आपण घरीही अढीत पिकवितो. केळी मात्र हिरवीच प्रवासाला निघते आणि विक्रीच्या गावी पोचल्यावर पिकविली जाते. पिकलेले केळे गाडीचे धक्के सोसत नाही. शिवाय एकदा पिकू लागलेला माल थांबविता येत नाही. कापलेला घड जिवंत असतो. तो श्वसन करतो, उष्णता बाहेर टाकतो आणि स्वतःच इथिलीन नावाचा वायू तयार करतो. या वायूमुळे शेजारची फणी पिकू लागते आणि तिच्यामुळे पुढची. बंद वाघिणीत एक घड पिकला, तर सगळी वाघीण का बिघडते याचे कारण हेच आहे. म्हणून हिरवा माल लवकर उतरवून घेणे, निवडणे आणि सारखा पिकविणे यासाठी विक्रीच्या गावी वखारीची गरज पडली.

रुळांच्या कडेलाच का?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. हा मार्ग आजच्या घाटकोपर, भांडुप, मुलुंड या भागातूनच जातो. पश्चिमेकडील मार्गावर १८६७ सालच्या एप्रिलात विरारहून मुंबईस उपनगरी गाडी सुरू झाली. तेव्हाच्या स्थानकांत वसई, बोरिवली आणि अंधेरी ही होती. आजच्या गोरेगावचे स्थानक तेव्हा पहाडी या नावाने ओळखले जाई. वसई-विरारच्या केळी, भाजी व पानवेलीच्या बागांना यामुळे शहराचे दार उघडले. होडीला भरती-ओहोटी पाहावी लागे, गाडीला ती अडचण नव्हती.

दुसऱ्या बाजूस कसाऱ्याचा थळ घाट १८६५ साली रेल्वेने पार केला आणि खानदेश मुंबईशी जोडला गेला. १८७० साली हाच मार्ग जबलपूरमार्गे उत्तरेकडील रेल्वेस मिळाला. पुढे रावेर, सावदा, निंभोरा ही लहान स्थानके केळीच्या लदणीसाठी देशभर प्रसिद्ध झाली ती याच मार्गामुळे. बागायतदारांनी फ्रूटसेल सोसायट्या स्थापून वाघिणी मिळविण्याची आणि दूरच्या बाजारात माल विकण्याची व्यवस्था केली.

मुंबईत फळांचा घाऊक बाजार १८६९ साली बांधून झालेल्या क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे बोरीबंदर स्थानकाच्या जवळच भरत असे. उपनगरे वाढली तशी किरकोळ विक्री प्रत्येक स्थानकाबाहेर पसरली. केळी हे रोज लागणारे, रोज विकले जाणारे फळ. चार दिवसांचा पिकलेला माल साठवून विकता येत नाही. त्यामुळे पिकविण्याची जागा गिऱ्हाइकाच्या जवळ हवी आणि माल उतरण्याच्या जागेपासूनही दूर नको. या दोन्ही गरजा स्थानकालगतच्या वस्तीत भागत. हमाली वाचे, घड कमी वेळा हाताळला जाई आणि पहाटे हातगाडीवाल्यास माल मिळे.

धुरीपासून इथिलीनपर्यंत

जुन्या वखारीत घड रचून खोली बंद करीत आणि गोवऱ्या, पेंढा किंवा भुश्याची धुरी देत. केळी उष्णतेने पिकते अशी समजूत होती. अमेरिकेतही लिंबूवर्गीय फळांना रंग यावा म्हणून खोलीत रॉकेलचे स्टोव्ह लावीत. स्टोव्ह काढून नुसती उष्णता दिली, तेव्हा फळांना रंग येईना. १९२४ साली डेनी या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, रंग आणणारा घटक उष्णता नसून धुरातील इथिलीन वायू आहे. आपल्या वखारीतील धुरीचेही गुपित हेच होते.

धुरीनंतर कॅल्शियम कार्बाइड आले. ते स्वस्त पडते, पण त्यातून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूबरोबर आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश येऊ शकतात. वरून साल पिवळी दिसते आणि आत गर कच्चा राहतो. फळे पिकविण्यासाठी कार्बाइड वायू वापरण्यास अन्न सुरक्षा विनियम, २०११ नुसार बंदी आहे. २०१६ साली इथिलीन वायूस दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत परवानगी देण्यात आली. इथेफॉनच्या द्रावणात फळे बुडविण्यास मात्र परवानगी नाही.

रुळांपासून दूर

रेल्वेची वाघीण स्वस्त, पण ती वेळेवर मिळेल आणि वेळेवर पोचेल याची खात्री नसे. मालट्रक थेट बागेच्या बांधावर येऊ लागला. १९९६ साली मुंबईचा फळे व भाजीपाल्याचा घाऊक बाजार वाशीस हलविण्यात आला आणि माल रस्त्याने तेथे येऊ लागला. स्थानकाजवळ वखार असण्याचे मुख्य कारण त्यामुळे उरले नाही. जागेच्या वाढत्या किमतींनी उरलेले काम केले. आज पिकवण हमरस्त्यालगतच्या शीत खोल्यांत, म्हणजे रायपनिंग चेंबरमध्ये होते. रेल्वेचा उपयोग संपला असे मात्र नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर अशी पहिली किसान रेल धावली. त्या काळात भाड्यात ५० टक्के सवलत होती आणि रावेर-सावद्याची केळीही या गाड्यांतून दिल्लीस गेली.

घट कोणाच्या पदरी?

समजा, १०० क्विंटल केळी गेली आणि वाटेत व पिकविताना १० क्विंटल खराब झाली. वखारीत वजन झाले, तर ही घट सरळ आपली. बांधावर वजन झाले, तर ती व्यापाऱ्याची दिसते. पण पुढच्या खेपेला तो ती भावातूनच वळती करून घेतो. म्हणजे घट कोणाच्याही वहीत पडो, ती शेवटी बागायतदाराच्या भावातून कापली जाते. म्हणून वखारीत काय घडते ते आपण जाणून घेतलेच पाहिजे.

बागायतदाराने काय करावे?

१. लांबच्या बाजारासाठी घड सुमारे ७५ ते ८० टक्के पक्व असताना कापावेत. जवळच्या बाजारासाठी अधिक भरू द्यावेत. एका गाडीत दोन्ही प्रकार मिसळू नयेत, कारण असा माल वखारीत सारखा पिकत नाही.

२. घड जमिनीवर आपटू नयेत, उन्हात ठेवू नयेत. फण्या सोडवून, धुऊन, खोक्यांत भराव्यात. बागेत पडलेला डाग हिरव्या सालीवर दिसत नाही, तो पिकल्यावर काळा पडतो.

३. हिरवी केळी १३ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात ठेवू नये. थंडीने साल करडी पडते व फळ नीट पिकत नाही.

४. पिकविताना तापमान १६ ते १८ अंश व आर्द्रता ९० ते ९५ टक्के ठेवावी. इथिलीन सुमारे २४ तास द्यावा, नंतर खोली उघडून हवा खेळती करावी. चार ते सहा दिवसांत माल विक्रीस तयार होतो. इथिलीन ज्वालाग्राही असल्याने खोलीत विडी-काडी किंवा ठिणगी पडेल असे काही नसावे.

५. विक्रीनंतर वखारवाल्याकडून निवडीचा तपशील मागावा. कच्चे, डागी आणि जास्त पिकलेले किती निघाले हे लिहून ठेवल्यास पुढची कापणी सुधारता येते.

६. गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने स्वतःचे चेंबर उभारण्याचा विचार करावा. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून यासाठी अर्थसाहाय्य मिळते. चालू वर्षाचे निकष तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पाहावेत. परंतु आधी जवळचे गिऱ्हाईक मोजावे. पिकलेला माल लांब नेता येत नाही, हा जुन्या वखारीचा नियम नव्या चेंबरलाही लागू आहे.

वसईच्या बागायतदारांनी या अडचणीवर एक वेगळा तोडगा पूर्वीच काढला होता. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून ते सुकेळी करीत. सुकेळीला गाडी चुकण्याची भीती नव्हती. ज्यांना वखारीचा खर्च झेपत नाही, त्यांनी थोड्या मालावर हा मार्गही करून पाहावा.